लेथ नंबर तीन

सकाळी आठला पडद्यावर एक चौकट आली
आणि उद्यमबागेतला आमचा शेड गप्प झाला.
परवान्याची मुदत संपली आहे.
एवढंच. खाली एक बटण, तेही राखाडी.

मशीन आमचं.
हप्ते आमचे, एकोणचाळीस फिटले, एक्कावन्न बाकी,
वही माझ्याच हाताखाली असते.
दसऱ्याला हळदकुंकवाचं बोट आम्हीच लावलेलं,
ते अजून पुसलेलं नाही.
फक्त त्याचं डोकं जर्मनीत,
आणि तिथं पहाटेचे साडेतीन.

सूर्य आमच्याकडे साडेचार तास आधी येतो.
मच्छेच्या माळावरनं, पिरनवाडीच्या नाक्यावरनं
धुक्यातनं मोटरसायकली काढत पोरं कामावर येतात
तेव्हा ते लोक झोपलेले असतात,
आणि तरी पुढे तेच.
हे गणित मला बी.कॉम.ला कुणी शिकवलं नाही.

उज्ज्वला किणेकर प्रोग्रॅम लिहिते.
ती म्हणाली, सर, कुलूप कसं आहे मला कळतंय,
किल्लीपण बनवता येईल,
पण बनवली तर चोरी.
मग खुर्चीवर मांडी घालून तिनं डबा उघडला.
सोळा माणसं, पाच तास.
मी पेन्सिलीनं गुणाकार केला आणि खोडला.

आमच्या भागात सीमा म्हटलं की
लोक पाटीवरची अक्षरं बघतात.
कुठली भाषा वर, कुठली खाली, कुणाचं अक्षर बोटभर मोठं.
त्या रेषेवर आमच्या घरातली तीन माणसं लाठ्या खाऊन आली.
ही दुसरी रेष कुणी आखली, कुठल्या साली,
माहीत नाही.
तिच्यावर एकही मोर्चा निघालेला नाही.

दुपारी एकला तिकडं कुणीतरी कॉफी संपवली असेल.
बटण हिरवं झालं.
बिल त्याच मिनिटाला आलं, युरोत.

आता लेथ नंबर तीनचं सांगतो.
नवं मशीन बसवायला जागा हवी म्हणून तो विकला.
भरमाण्णा मुतगेकरानं तो एकतीस वर्षं चालवलेला.
व्यापारी म्हणाला, आफ्रिकेला जाणार,
म्वांझा म्हणून गाव आहे, मोठ्या तळ्याकाठी.
भरमाण्णानं दोन दिवस नुसतं ग्रीस लावलं.
तिसरा गिअर अडकतो, हे लिहून ठेवायचं होतं त्याला,
पण कुठल्या भाषेत?
मराठी न्हाई, कन्नड न्हाई, इंग्लिश मला येत न्हाई.
शेवटी खडूनं झाकणावर एक हात काढला,
हातात लाकडी हातोडी,
आणि डावीकडनं हलकेच, असा बाण.

सहा महिन्यांनी एक व्हिडिओ कॉल आला.
पलीकडे निळा डगला घातलेला, ओठावर कोवळी मिशी असलेला पोरगा.
खडू वाटेतच पुसला होता.
भरमाण्णा आमच्या पडद्यासमोर उकिडवा बसला,
टेबलावर मुठीनं ठोकून दाखवलं,
अरे हळू, हळू, बायकोला उठवतोस तसं.
पोराला काय कळलं देव जाणे.
तिकडनं खट्ट आवाज आला
आणि दोघंही हसले.

हा कॉल कुठल्या खात्यात लिहू?
मी मालकांना विचारलं.
ते म्हणाले, लिहू नका.

रात्री मात्र मला झोप लागेना.
आम्ही त्या पोराला काय दिलं?
आमची एकोणीसशे ब्याण्णव सालची सकाळ,
वर गंज, आत तेल.
तो ती फिरवत आमच्यापर्यंत पोचेल
तेव्हा आम्ही कुठं असू,
आणि ज्यांची कॉफी दुपारी संपते ते?

शेडमध्ये तीन नंबरच्या बोल्टांची चार भोकं
अजून फरशीत आहेत.
नवं मशीन त्यांच्यावर बसलंच नाही,
माप वेगळं निघालं, हातभर पुढं सरकवावं लागलं.
भोकांत तेल साचतं.
उज्ज्वला जाता-येता त्यांत पाय पडू नये म्हणून
एक लांब ढांग टाकते.